आवश्यक मेदाम्ले : गरज केवढी आणि कोणाची?

आहारशास्त्रात ‘आवश्यक’ हा शब्द रोजच्या बोलण्यातल्यापेक्षा बराच अरुंद अर्थाने वापरला जातो, आणि मेदाम्लांविषयीचा बहुतेक गोंधळ या दोन अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण झालेला आहे. जो पदार्थ शरीराला लागतो, पण शरीराला स्वतः घडवता येत नाही आणि म्हणून जो अन्नातूनच यावा लागतो, तो शास्त्राच्या परिभाषेत आवश्यक ठरतो. कोलेस्टेरॉलवाचून मनुष्य जगू शकत नाही, तरीही ते या अर्थाने आवश्यक नाही, कारण यकृत ते तयार करते. ही व्याख्या त्या पदार्थाची किती मात्रा लागते हे सांगत नाही, आणि जास्त घेतल्याने अधिक भले होते असे तर मुळीच सुचवत नाही. लिनोलेइक आणि आल्फा-लिनोलेनिक या दोन मेदाम्लांना जवळजवळ शतकभर आवश्यक म्हटले गेले आहे. ती खरोखरच लागतात का, असा प्रश्न अलीकडे पुन्हा विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. त्यांतील काही तर या विषयाच्या इतिहासातील सर्वांत बोलक्या प्रयोगांवरच उभे आहेत.

तेल, तूप, चरबी हे सारे स्निग्ध पदार्थ मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात, आणि मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी, जिच्या एका टोकाला आम्लगट असतो. साखळीतील सर्व कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असले तर ते मेदाम्ल संतृप्त, आणि कुठे दुहेरी बंध असला तर असंतृप्त. मनुष्याचे शरीर साखरेपासून संतृप्त मेदाम्ल बनवते आणि त्यात आम्लगटापासून मोजता नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंधही घालू शकते; असे घडलेले अठरा कार्बनांचे ओलेइक आम्ल ऑलिव्हच्या तेलात असते तसेच माणसाच्या चरबीतही असते. परंतु त्या नवव्या कार्बनच्या पलीकडे, बाराव्या आणि पंधराव्या जागी दुहेरी बंध घालणारी विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, वनस्पतींपाशी असतात आणि सस्तन प्राण्यांपाशी नसतात. नवव्या आणि बाराव्या जागी बंध असलेले ते लिनोलेइक आम्ल, आणि त्यात पंधराव्या जागेची भर पडली की आल्फा-लिनोलेनिक. पहिल्यापासून निघणाऱ्या कुळाला ओमेगा-६ आणि दुसऱ्यापासून निघणाऱ्या कुळाला ओमेगा-३ म्हणतात. सस्तन प्राण्यांना ही दोन आम्ले घडवता येत नाहीत याविषयी वाद नाही. वाद आहे तो ती लागतात का, एवढ्यापुरता.

१९२९ पूर्वी बहुतेक शास्त्रज्ञांचे उत्तर नकारार्थी होते. स्निग्ध पदार्थ म्हणजे साठवलेली ऊर्जा आणि काही जीवनसत्त्वांचे वाहन, ऊर्जा तर पिष्टमय पदार्थांतूनही मिळते, तेव्हा जीवनसत्त्वे वेगळी दिली की स्निग्धाचे काम संपते, असे मानले जाई. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने हा समज कसून तपासला. शुद्ध केलेले केसीन, म्हणजे दुधातील प्रथिन, पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण केलेली साखर, क्षार आणि ईथरने धुऊन स्निग्धांश काढून टाकलेले यीस्ट यांवर त्यांनी उंदीर वाढवले, आणि अ व ड ही जीवनसत्त्वे तेलापासून वेगळी करून दिली. काही आठवड्यांतच उंदरांच्या शेपटीवर व पायांवर कोंड्यासारखे पापुद्रे आले, वाढ खुंटली, मूत्रात रक्त दिसू लागले, मूत्रपिंडे बिघडली आणि प्रजनन थांबले. आहारात अगदी थोडी चरबी घालताच प्राणी सावरले. १९३० च्या दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखवले की संतृप्त मेदाम्लांनी हा रोग हटत नाही आणि लिनोलेइक आम्लाने हटतो. ‘आवश्यक मेदाम्ले’ ही संज्ञा त्या निबंधातून रूढ झाली.

त्या नोंदींत एक बारकावा होता, आणि त्याचे महत्त्व उलगडायला अनेक दशके जावी लागली. हे उंदीर निरोगी उंदरांपेक्षा पुष्कळ अधिक पाणी पीत, पण त्यांच्या मूत्राचे प्रमाण त्या मानाने वाढत नसे. ते पाणी त्वचेवाटे उडून जात होते. ज्या कातडीने शरीरातील ओलावा राखायचा तीच गळकी झाली होती, आणि हवा कोरडी असली की त्वचेची लक्षणे अधिक उठून दिसत.

आता आक्षेपांकडे वळता येईल, आणि त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप बर यांच्याच प्रयोगशाळेतून आला, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. विल्यम ब्राऊन या तेथील संशोधकाने स्वतःच्या शरीरावर सहा महिने प्रयोग केला. स्निग्धांश काढलेले दूध, त्यापासूनचे चीज, साखर, बटाट्याचा स्टार्च आणि संत्र्याचा रस अशा जवळजवळ स्निग्धरहित आहारावर तो राहिला, आणि निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या त्वचेला काही झाले नाही. उलट थकवा कमी झाला, लहानपणापासून छळणारी अर्धशिशी थांबली आणि रक्तदाब थोडा उतरला. मेदाम्लांची आवश्यकता नाकारणारे या प्रयोगाकडे बोट दाखवतात, आणि वरवर पाहता त्यांचे म्हणणे बिनतोड वाटते.

परंतु त्या सहा महिन्यांत ब्राऊनचे वजन सुमारे सहा किलोने घटले होते. त्या घटीतील केवळ निम्मा भाग चरबीचा धरला आणि त्या चरबीत लिनोलेइक आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास मानले, तर त्याच्या स्वतःच्या साठ्यातून सुमारे ३०० ग्रॅम लिनोलेइक आम्ल रक्तात आले असणार, म्हणजे दिवसाला दीड ग्रॅमहून अधिक. ताटात स्निग्ध नसले तरी शरीराला ते मिळत होते, आणि तेही पुरेसे नव्हते, कारण त्याच्या रक्तातील लिनोलेइक आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या अॅराकिडोनिक आम्लांची पातळी उतरलेली आढळली. प्रौढ मनुष्य ही द्रव्ये किलोच्या हिशेबाने अंगावर वागवतो. रोजची गरज काही ग्रॅमांचीच असल्यामुळे त्याच्या बाबतीत सहा महिन्यांचा प्रयोग हा साठा किती काळ पुरतो याची चाचणी ठरतो. गरज आहे की नाही, याचा निवाडा त्यातून होत नाही.

दुसरा आक्षेप ब-६ जीवनसत्त्वाचा आहे. १९३० च्या दशकात पॉल जर्जी यांनी ज्या घटकाचा शोध लावला, त्याच्या अभावी उंदरांचे पंजे, कान आणि नाक सोलवटते, आणि हे चित्र बर यांच्या उंदरांशी बरेच जुळते. तेव्हा १९२९ मध्ये ब-६ माहीतच नसल्यामुळे बर यांनी एका जीवनसत्त्वाचा अभाव चुकून मेदाम्लाच्या नावावर मांडला, असे काहींचे म्हणणे आहे. हा आक्षेप ऐतिहासिकदृष्ट्या रास्त आहे, कारण त्या काळच्या आहारात यीस्टमधून किती ब-६ जात होते याची खात्री देता येत नाही, आणि या दोन अभावांमध्ये प्रत्यक्ष गुंतागुंतही आहे, एकाची लक्षणे दुसऱ्याच्या पुरवठ्याने काही अंशी सौम्य होतात. तथापि, ब-६ शुद्ध स्वरूपात मिळू लागल्यानंतरही, ते भरपूर घातलेल्या पण लिनोलेइक वगळलेल्या आहारावर हा रोग प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा उत्पन्न करता आला आहे. शंका योग्य होती आणि तिचे निरसन प्रयोगांनी झाले. तिला नव्याने उभे करताना त्या निरसनाचा उल्लेख गाळणे मात्र योग्य नव्हे.

खरा निर्णय अखेर ज्यांच्यापाशी साठा नव्हता त्यांनी दिला. आरिल्ड हॅन्सन हे बालरोगतज्ज्ञ ब्राऊनच्या निबंधाचे एक सहलेखक होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्ससमध्ये ४२८ तान्ह्या बाळांचा अभ्यास करून १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लिनोलेइक आम्लाचे प्रमाण निरनिराळे असलेली दुधाची मिश्रणे या बाळांना दिली होती. ज्या मिश्रणांतून एकूण ऊर्जेच्या ०.१ टक्क्याहूनही कमी ऊर्जा लिनोलेइक आम्लातून येत होती, त्यांवरील बाळांची त्वचा कोरडी पडली, जाड झाली आणि सोलवटू लागली. हे प्रमाण एक टक्का किंवा त्याहून अधिक करताच ती पूर्ववत झाली. अभाव मुद्दाम घडवून आणणारा असा प्रयोग आजच्या संशोधननीतीत बसणार नाही, आणि बसू नये. त्यातून मिळालेले ज्ञान त्या बाळांच्या अंगावर लिहिले गेले, याचे भान ठेवूनच ते वापरले पाहिजे.

त्यानंतरचा पुरावा रुग्णालयांतून, कोणाचाही हेतू नसताना पुढे आला. १९६८ च्या सुमारास स्टॅन्ले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात संपूर्ण पोषण थेट शिरेतून देण्याची पद्धत सिद्ध केली आणि आतडे निकामी झालेले रुग्ण प्रथमच महिनोन्‌महिने जगू लागले. स्वीडनमध्ये आर्व्हिड व्रेटलिंड यांनी तयार केलेले सोयाबीन तेलाचे पायस, म्हणजे पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले मिश्रण, तोवर वापरात आले होते, पण अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णांना ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वे एवढेच मिळे. काही आठवड्यांत त्यांच्या अंगावर खवल्यांसारखे पापुद्रे येऊ लागले, केस गळू लागले, जखमा भरेनाशा झाल्या. बर यांचे उंदीर जणू माणसांच्या वॉर्डात अवतरले. तेलाचे पायस सुरू करताच ही लक्षणे मावळत. या रुग्णांना ब गटातील जीवनसत्त्वे मिळत होती, ही बाब वर चर्चिलेल्या आक्षेपाच्या संदर्भात विसरता येत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ब्राऊनप्रमाणे या प्रौढ रुग्णांच्या अंगावरही चरबी होतीच, मग तिने त्यांना का तारले नाही? याचे उत्तर इन्सुलिनमध्ये आहे. अहोरात्र शिरेतून ग्लुकोज जात राहिले की रक्तात इन्सुलिन सतत चढलेले राहते, आणि इन्सुलिन चरबीच्या पेशींतून मेदाम्ले बाहेर पडू देत नाही. जेवणाऱ्या माणसाला रात्रीचा उपवास तरी घडतो आणि त्या वेळी कोठाराचे दार उघडते. या रुग्णांचे कोठार भरलेले असूनही कुलूपबंद होते. एकाच अभावाने एक मनुष्य सहा महिने धडधाकट राहतो आणि दुसरा काही आठवड्यांत सोलवटतो, यातील विसंगती इतक्या साध्या कारणाने सुटते.

शरीरात अभाव आहे की नाही हे ओळखण्याची खूणही याच काळात पक्की झाली. लिनोलेइक आम्ल मिळेनासे झाले की ते लांबवण्याचे काम करणारी विकरे स्वस्थ बसत नाहीत, ती ओलेइक आम्लावर काम करू लागतात आणि त्यातून तीन दुहेरी बंधांचे एक आम्ल तयार होते, ज्याला जेम्स मीड यांच्या नावाने मीड आम्ल म्हणतात. राल्फ होल्मन यांनी १९६० मध्ये या त्रिबंधी आम्लाचे चार बंधांच्या अॅराकिडोनिक आम्लाशी असलेले गुणोत्तर हा मापदंड सुचवला आणि ते ०.४ च्या वर गेले की अभाव मानावा असे ठरले. आवश्यकता नाकारणारे काहीजण मीड आम्लालाच शरीराचे नैसर्गिक आणि निर्धोक मेदाम्ल मानतात. ते आम्ल हानिकारक आहे असे म्हणता येत नाही. पण ते त्वचेचे काम करत नाही, हे तितकेच खरे आहे.

ते काम नेमके कोणते, हे आज रेणूच्या पातळीवर सांगता येते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्याचा गिलावा अशी रचना असते. या गिलाव्यातील एक महत्त्वाचा घटक म्हणजे सेरामाइड नावाच्या लांबलचक रेणूला जोडलेले लिनोलेइक आम्ल. एक विशिष्ट विकर या जोडलेल्या लिनोलेइकचे ऑक्सिडीकरण करते, मग पुढच्या क्रिया घडतात आणि गिलावा पेशीच्या भिंतीला घट्ट चिकटतो. ज्या बालकांत जन्मतःच या विकराचे जनुक बिघडलेले असते, त्यांना माशाच्या खवल्यांसारख्या त्वचेचा आनुवंशिक विकार होतो. आहारात कमतरता नसली तरी कारागीर नसल्यामुळे गिलावा बसत नाही. आहाराशी संबंध नसलेल्या या जनुकीय दोषाने बर यांच्या निष्कर्षाला जो दुजोरा दिला आहे, तो लेखकाच्या मते या सगळ्या शृंखलेतील सर्वांत भक्कम दुवा आहे.

लिनोलेइकचे दुसरे काम म्हणजे अॅराकिडोनिक आम्लाचा कच्चा माल होणे. त्या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये बनतात, हे १९६४ मध्ये स्वीडनचे सुने बर्गस्ट्रोम आणि नेदरलँडचे डेव्हिड व्हान डॉर्प यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. प्रसूतीच्या कळा, जठराच्या अस्तराचे रक्षण, ताप आणि सूज या सर्वांत त्यांचा हात असतो, आणि अॅस्पिरिन त्यांचीच निर्मिती रोखते. या कुळातली द्रव्ये सूज वाढवतात म्हणून त्यांचा कच्चा मालच बंद करावा, हा विचार मोहक आहे, आणि अभावग्रस्त उंदीर काही प्रायोगिक रोगांना दाद देत नाहीत ही नोंदही खरी आहे. पण जी सूज संधिवातात छळते तीच जखम भरण्याची पहिली पायरी असते, हे शिरेतून पोषण मिळणाऱ्या रुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांनी दाखवले आहे.

ओमेगा-३ कुळाचा पुरावा यापेक्षा विरळ आहे, आणि तो तसा आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९८२ मध्ये होल्मन आणि सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. पोटाला गोळी लागल्यामुळे ती शिरेतील पोषणावर होती आणि तिला दिलेले पायस करडईच्या तेलाचे होते, ज्यात लिनोलेइक विपुल असते आणि लिनोलेनिक जवळजवळ नसते. काही महिन्यांनी तिला बधिरपणा, अशक्तपणा, चालता न येणे आणि अंधुक दिसणे असा त्रास सुरू झाला, आणि लिनोलेनिक असलेले सोयाबीनचे पायस दिल्यावर तो थांबला. एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही. मात्र करडईच्या तेलावर वाढवलेल्या माकडांच्या पिल्लांची दृष्टी मंद राहिल्याचे मार्था न्यूरिंजर आणि विल्यम कॉनर यांच्या गटाने त्याच दशकात दाखवले, आणि डोळ्याच्या पडद्यात व मेंदूत या कुळातील डीएचए हे मेदाम्ल खच्चून भरलेले असते, त्यामुळे गर्भ आणि अर्भक यांच्यासाठी ओमेगा-३ ची गरज मान्य करणे शहाणपणाचे ठरते. पिढ्यान्‌पिढ्या मासे न खाणाऱ्या शाकाहारी लोकांच्या रक्तात डीएचए कमी असते, तरी त्यांच्यात यामुळे विशिष्ट असा रोग आढळत नाही, ही वस्तुस्थितीही त्याच ताळेबंदात मांडली पाहिजे.

राहिला मात्रेचा प्रश्न. अभाव टाळण्यासाठी ऊर्जेच्या अडीच टक्के लिनोलेइक आणि अर्धा टक्का लिनोलेनिक हे प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१० च्या अहवालात धरले आहे. स्टीफन कनेन यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे असे की जुन्या प्रयोगांत लिनोलेनिक आम्लही गाळलेले होते, ते दिले तर लिनोलेइकची खरी गरज याहून बरीच कमी निघेल. मोठा आकडा घेतला तरी २००० कॅलरींच्या आहारात तो साडेपाच ग्रॅमच्या आसपास जातो. महाराष्ट्रातील साध्या ताटाशी हा आकडा ताडून पाहण्याजोगा आहे. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरीत, वरून थेंबभर तेल न घेताही, सुमारे पाच ते नऊ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्याचा जवळपास निम्मा भाग लिनोलेइक असतो. त्यावर शेंगदाण्याचा कूट, कारळ्याची किंवा तिळाची चटणी आणि फोडणीचे चमचाभर गोडेतेल आले की गरज ओलांडली जाते. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आहे, कारण जवसाच्या तेलाचा निम्मा भाग लिनोलेनिक असतो. खोबरेल तेलात आणि तुपात लिनोलेइक दोन टक्क्यांच्या आसपासच असते. तरी कोकणातला मनुष्य केवळ खोबरेलावर जगत नाही, त्याच्या ताटात भात, कडधान्ये आणि मासे असतात. धान्य खाणाऱ्या प्रौढाला हा अभाव होणे जवळजवळ अशक्य आहे.

म्हणूनच ‘आवश्यक’ या शब्दाच्या आधारे तेलाच्या डब्यामागून डबा रिचवण्याचा जो उपदेश काही दशके झाला, त्याला या शास्त्राचा आधार नव्हता. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर झालेल्या चाचणीत एका गटाला संतृप्त चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारिन दिले होते. त्यांच्या आहारात बहुअसंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण ऊर्जेच्या १५ टक्क्यांवर नेण्याचा हेतू होता. २०१३ मध्ये क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा या गटातील १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटातील ११.८ टक्के पुरुष दगावल्याचे दिसले. त्या मार्गारिनमध्ये घातक ट्रान्स मेदाम्ले असावीत असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि लोकसमूहांच्या दीर्घ अभ्यासांत लिनोलेइक अधिक घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असेही दिसते, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. परंतु तो वाद ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या वरचा आहे, आणि आवश्यकतेचा प्रश्न तीन टक्क्यांच्या आतला. वरच्या वादात तेल हरले म्हणून खालची गरज खोटी ठरत नाही, आणि खालची गरज खरी म्हणून वरचा उपदेशही खरा ठरत नाही.

भारतात हा अभाव गरिबीच्या कातडीवर दिसत आला आहे. कोपर, गुडघा आणि कुल्ले यांवर मुलांची त्वचा बेडकाच्या पाठीसारखी खरखरीत होते, त्या विकाराला ग्रीक शब्दावरून फ्रिनोडर्मा म्हणतात. प्रथम तो अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा मानला गेला. व्ही. एन. पटवर्धन यांच्या संचालकपदाच्या काळात कुन्नूरच्या आणि पुढे हैदराबादला हललेल्या पोषण प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या परंपरेत, हा विकार अनेक वर्षे अभ्यासला गेला आणि लिनोलेइकने समृद्ध तेल व ब गटातील जीवनसत्त्वे या दोहोंचा त्यावर उपयोग होतो असे आढळले. ज्या दोन कारणांची फारकत प्रयोगशाळेत करता येते, ती उपाशी मुलाच्या अंगात एकत्र नांदतात.

आणि सर्वांत निकडीची गरज आहे ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. गर्भात चरबीचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतो. तो होण्याआधीच जन्मलेल्या बाळाला स्निग्धरहित पोषणावर ठेवले तर काही दिवसांतच रक्तात मीड आम्ल चढू लागते. त्याची त्वचाही कच्ची असते, तिच्यातून ओल जाते आणि जंतू आत येतात. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने चोळल्यावर रुग्णालयात होणारा रक्तातील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे गॅरी डार्मस्टॅट यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या सर्व चाचण्यांत असा लाभ दिसला नाही, सधन देशांत तर फारसा नाहीच. परंतु त्याच गटाने त्याआधी उंदरांच्या त्वचेवर केलेल्या चाचणीत सूर्यफुलाच्या तेलाने त्वचेचा अडसर लवकर सावरला आणि मोहरीच्या तेलाने त्याची दुरुस्ती लांबली, आणि बाळाला तेल लावणाऱ्या या उपखंडात सुइणीच्या तळहातावर कोणते तेल ओतले जाते, ही आहारशास्त्राने लक्ष घालण्याजोगी बाब झाली आहे.